एकाच पोत्याचं बी, निम्मंच शेत हिरवं

तक्रार एका ओळीची होती: बियाणं उगवलं नाही. उगवणीच्या तक्रारी बहुधा अशाच आखूड असतात, आणि त्या ओळीतच निकालही लागून गेलेला असतो. उगवलं नाही, म्हणजे पोतं खराब. बियाणे तपासणीच्या कामात बरीच वर्षं काढल्यामुळे या निकालावर माझा चटकन विश्वास बसत नाही. पण या खेपेला माझाही कल पोत्याकडेच होता. पेरलेलं वाण पुरात टिकणारं म्हणून नावाजलेलं, आणि पेरणीनंतर साचलेल्या पाण्यातच ते गेलं होतं.

शेत भाताचं. रोपवाटिका, उपटणी, चिखलणी, लावणी हा सगळा व्याप टाळून वाफशावर पाभरीनं कोरडं बी थेट पेरलेलं. जमीन भारी, पाणी धरून ठेवणारी. पेरणीनंतर दुसऱ्या रात्री जोराचा पाऊस झाला आणि पुढं दोन दिवस थांबून थांबून पडत राहिला. मी पोचलो तो पेरणीपासूनचा नववा दिवस.

बांधावरून पाहिलं तेव्हा कळलं की तक्रारही अर्धीच खरी होती. वरच्या अंगाला ओळी व्यवस्थित लागल्या होत्या, रोपं दुसऱ्या पानावर आली होती. मधल्या पट्ट्यात चार बोटं पाणी होतं आणि त्यातून तुरळक कोंब डोकावत होते. खालच्या कोपऱ्यात गढूळ पाण्याखेरीज काही नव्हतं. काठी बुडवून मोजलं तर वीतभर भरलं. वरचं अंग आणि खालचा कोपरा यांच्यातला फरक जेमतेम तेवढाच. कोरड्या दिवसांत हे शेत कुणालाही सपाटच वाटलं असतं. पाण्यानं त्याचा उतार उघडा पाडला होता.

“पोतं एकच होतं?” मी शेतकऱ्यांना विचारलं.

“एकच. वरून पेरत आलो, खाली संपवलं. थोडं उरलंय, ते घरात आहे.”

“पाभरीवर कोण होतं?”

“मीच की. सगळं शेत मीच पेरलंय, साहेब.”

ही दोन उत्तरं मिळाली तेव्हाच पोत्यावरचा माझा संशय निम्म्यावर आला. बी मेलेलं असतं तर मेलेले दाणे सगळ्या शेतात सारखे विखुरले असते आणि वरपासून खालपर्यंत उगवण विरळ दिसली असती. खराब बी शेताचा उतार पाहून मरत नाही. निम्मा संशय तरीही राखून ठेवला, कारण अशक्त बी ही एक तिसरीच गोष्ट असते. चांगल्या जागी ते उगवतं, अवघड जागी मान टाकतं. तो विषय उरलेल्या बियाण्यासाठी ठेवला आणि खुरपं मागून घेतलं.

खालच्या कोपऱ्यातला चिखल उपसून बादलीत धुतला. दाणे सापडले, म्हणजे पाखरांनी टिपले नव्हते आणि पाण्यानं वाहूनही नेले नव्हते. सगळे टम्म फुगलेले. बरेचसे बोटांत दाबले की पातळ पांढरा रस बाहेर यायचा आणि आंबूस वास सुटायचा. काहींना नखाएवढा कोंब होता, मूळ एकालाही नाही. मधल्या पट्ट्यात मात्र या प्रकरणातलं सगळ्यात बोलकं दृश्य होतं. दाण्यातून निघालेली लांब, पांढरी, दोऱ्यासारखी नळी, कुठं कुठं बोटाच्या दोन पेरांएवढी, आणि खाली मूळ नाही. ज्यांची नळी पाण्याच्या वर पोचली होती, फक्त त्यांनाच मुळं फुटायला लागली होती.

बी रुजताना आधी मूळ येतं आणि मग कोंब, असं आपण शाळेत शिकलेलो असतो. हवेशीर मातीत सहसा तसंच होतं. इथं क्रम उलटा होता आणि सगळं कारण त्या उलट्या क्रमात होतं.

पाण्याखाली दाण्याचं काय होतं

दाणे फुगलेले दिसले की शेतकरी म्हणतो, बी जिवंत होतं, रुजायला लागलं होतं. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. बी पाणी शोषतं ते तीन टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात पाणी झपाट्यानं आत शिरतं, पण ती निव्वळ भौतिक क्रिया असते. कोरडं लाकूड फुगावं तसं मेलेलं बीही फुगतं. दुसऱ्या टप्प्यात वरून काहीच हालचाल दिसत नाही, आणि खरं काम तेव्हाच चाललेलं असतं: श्वसन सुरू होतं, मोडलेल्या पेशींची डागडुजी होते, साठवलेलं अन्न विरघळवणारी विकरं तयार होतात. तिसऱ्यात कोंब किंवा मूळ बाहेर येतं आणि पाणी पुन्हा ओढलं जातं. भाताच्या दाण्याला हे सुरू करायला स्वतःच्या वजनाच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकं पाणी पुरतं. सोयाबीनला जवळपास निम्म्याइतकं लागतं. म्हणजे पाण्याची गरज थोडीच असते. अडचण येते ती पाण्यानं अडवलेल्या हवेची.

एक लिटर हवेत साधारण पावणेतीनशे मिलिग्रॅम प्राणवायू असतो. तेवढ्याच पाण्यात, २५ अंश सेल्सिअसला, फार तर ८ मिलिग्रॅम. पाणी तापलं की तोही घटतो. शिवाय पाण्यातून प्राणवायू पसरतो तो हवेतल्या वेगाच्या सुमारे दहा हजाराव्या हिश्श्यानं. बुडालेल्या मातीत मुळातला जो थोडा प्राणवायू उरतो तो जिवाणू साधारण दिवसाभरात संपवतात. म्हणून बुडालेल्या शेतात दोन वेगळ्या जागा असतात हे लक्षात घ्यावं लागतं: वरचं पाणी, जिथं थोडाफार प्राणवायू आहे, आणि खालचा चिखल, जिथं जवळजवळ नाही. आपलं बी पाभरीनं मातीत गाडलेलं होतं. ते दुसऱ्या जागी होतं.

प्राणवायू नसला की श्वसन थांबतं आणि पेशी किण्वनावर भागवतात, जसं दारूच्या भट्टीत चालतं. आंबूस वास तिथलाच. प्राणवायू असताना ग्लुकोजच्या एका रेणूपासून पेशीला ऊर्जेची सुमारे ३० नाणी मिळतात, किण्वनात फक्त २. एवढ्याशा मिळकतीवर जगायचं तर साखर जवळपास पंधरापट वेगानं लागते. साखर भ्रूणपोषात, म्हणजे दाण्यातल्या अन्नसाठ्यात, पिष्टाच्या रूपात पडून आहे, पण ती सुटी करायला अल्फा-अमायलेज हे विकर हवं. गहू आणि बार्लीचं घोडं इथंच अडतं. पिएर्दोमेनिको पेराता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात गहू आणि भात शेजारी शेजारी ठेवून हे तपासलं. प्राणवायू नसताना गव्हाचा दाणा अल्फा-अमायलेज तयारच करत नाही, भाताचा करतो. गव्हाचा गर्भ पिष्टाच्या कोठारात बसून उपाशी मरतो, असं म्हटलं तरी चालेल.

भात आपली ऊर्जा खर्चतोही कंजूषपणानं. मूळ वाढवायचं तर नव्या पेशी पाडाव्या लागतात, त्याला प्राणवायू लागतो, म्हणून मूळ रोखून धरतो. कोंबावरची म्यान, वनस्पतिशास्त्रात जिला कोलिऑप्टाइल म्हणतात, ती मात्र मुख्यतः असलेल्या पेशी लांबवून वाढवता येते. ते काम स्वस्तात होतं. म्हणून सगळी पुंजी त्या नळीत घालायची आणि कसंही करून वर हवेपर्यंत पोचायचं, असा भाताचा डाव असतो. नळीचं टोक हवेत किंवा निदान वरच्या पाण्यात आलं, की ती आतून पोकळ असल्यामुळे प्राणवायू खाली उतरतो आणि मगच मूळ फुटतं. मधल्या पट्ट्यातलं ते मूळ नसलेलं पांढरं दोरखंड म्हणजे हाच डाव अर्ध्यावर. खालच्या कोपऱ्यात वर दीड-दोन बोटं माती, तिच्यावर पावसानं आणून टाकलेला गाळ आणि त्यावर वीतभर गढूळ पाणी. तिथं पुंजी आधीच संपली.

हे सगळं मी बांधावर बसून इतक्या शिस्तीत सांगितलं नव्हतं, उघड आहे. सांगितलं ते एवढंच, की दाणे गुदमरले. त्यावर त्यांनी लगेच विचारलं, आणि प्रश्न रास्त होता:

“मग पुरात टिकणारं वाण म्हणतात, ते काय खोटं?”

खोटं नव्हे, पण अर्धं

पिशवीवरचं नाव खरंच होतं. त्या वाणात सब-१ हा जनुकसमूह होता, आणि सब-१चं काम गेल्या काही दशकांतल्या पीक-संशोधनातलं सगळ्यात चोख काम आहे असं मी मानतो. ओडिशातल्या धालपुट्टिया या पारंपरिक भातातून निवडलेला एफआर-१३ए नावाचा एक वाण होता. त्याची रोपं दीड-दोन आठवडे पूर्ण बुडूनही जगायची. उत्पन्न बेताचं, दाणा सामान्य, त्यामुळे तो वाण म्हणून चालला नाही, पण त्याचा गुण सगळ्यांना हवा होता. केनाँग शू आणि डेव्हिड मॅकिल यांनी १९९६ साली तो गुण नवव्या गुणसूत्रावरच्या एका जागी असल्याचं दाखवलं. २००६ साली पामेला रोनाल्ड आणि ज्युलिया बेली-सेरेस यांच्या गटांसोबत त्यातलं नेमकं जनुक, सब१-ए, ओळखलं गेलं. तोवर आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत ते लोकप्रिय वाणांत उतरवायचं काम सुरू झालेलं होतं. वारंवार मूळ वाणाशीच संकर करायचा आणि प्रत्येक पिढीत जनुकीय खुणा पाहून फक्त तेवढा तुकडा राखायचा, अशी रीत. स्वर्णा या वाणात तो आला आणि स्वर्णा-सब१ भारतात २००९ साली प्रसारित झालं. बाकी सगळं स्वर्णाचंच, फक्त पूर सोसायची ताकद नवी.

ती ताकद येते कशी, हे समजलं की आपलं प्रकरण निम्मं सुटतं. रोप पूर्ण बुडालं की त्यात तयार होणारा इथिलीन वायू बाहेर निसटू शकत नाही, आत साठतो. साध्या भातात या इथिलीनचा अर्थ ‘वाढ’ असा होतो. जिबरेलीन या वाढीच्या संप्रेरकाचं काम जोर धरतं, पानं आणि खोड लांबायला लागतात, साठवलेली साखर त्यात जळते, आणि पाणी ओसरतं तेव्हा लांबुळकी, पिवळी, रिकामी रोपं आडवी पडतात. सब१-ए असलेल्या रोपात तेच इथिलीन हे जनुक जागं करतं आणि ते जिबरेलीनची हाक दाबून टाकतं. रोप हालचाल थांबवतं, पानांचं हिरवेपण आणि साखर राखून ठेवतं, आणि पाणी गेल्यावर त्या शिलकीवर पुन्हा उभं राहतं. थोडक्यात, सब-१ रोपाला स्वस्थ बसायला शिकवतं.

गंमत अशी, की खोल पाण्यातल्या भाताची तऱ्हा याच्या बरोबर उलटी आहे. महिनोन्‌महिने कित्येक हात पाणी राहतं तिथं स्वस्थ बसून भागत नाही, पाण्याबरोबर उंच व्हावंच लागतं. मोतोयुकी आशिकारी यांच्या नागोया विद्यापीठातल्या गटानं २००९ साली त्यामागची दोन जनुकं शोधली आणि त्यांना स्नॉर्केल-१ आणि स्नॉर्केल-२ अशी नावं दिली. ही दोन्ही आणि सब१-ए एकाच जनुक-घराण्यातली. तोच इथिलीनचा निरोप. एक घर ऐकतं ‘पळ’, दुसरं ऐकतं ‘थांब’. कुठलं बरोबर हे पाणी किती दिवस राहणार यावर ठरतं.

आता दाण्याकडे या. मातीत फुगलेला दाणा थांबू शकतो का? रोपाकडे पानं होती, हिरवेपण होतं, वापरायला तयार साखर होती. दाण्याकडे कुलूपबंद पिष्ट आहे आणि भोवती सडवणारे जिवाणू. एकदा फुगला की भोवती पाणी असेतोवर परत कोरडा होऊन पुढच्या पावसाची वाट पाहायचा रस्ता त्याला बंद. त्याला पळणंच भाग आहे. म्हणजे रोपाला जी शिकवण तारते ती दाण्याच्या कामाची नाही, आणि सब-१ असलेली वाणं रुजण्याच्या काळात साच्या पाण्याला बाकी वाणांसारखीच बळी पडतात. ‘पुरात टिकणारं’ या शब्दांत वयाची अट गाळलेली आहे. लावणी करणाऱ्याला ती अट जाणवतच नाही, कारण त्याचं बी रोपवाटिकेत देखरेखीखाली रुजलेलं असतं. थेट पेरणारा मात्र बियाण्याचे सगळ्यात नाजूक दहा दिवस उघड्या शेतात काढतो.

दाण्यासाठी वेगळी सोय

अशा दाण्यांचा शोधही झाला आहे. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत अब्देलबागी इस्माईल, एंडांग सेप्तिनिंग्सीह आणि इतरांनी आठ हजारांहून अधिक नमुने तपासले. रीत साधी: ट्रेमध्ये बी मातीनं झाकायचं, वर ८ ते १० सेंटिमीटर पाणी ठेवायचं आणि २१व्या दिवशी काय जगलं ते मोजायचं. इतक्या नमुन्यांतून तगले ते मोजकेच. त्यात म्यानमारचा खाओ ह्लान ऑन हा पारंपरिक वाण होता. त्याचा आयआर-६४ या वाणाशी संकर करून २०१० साली नवव्याच गुणसूत्रावर एक ठळक जागा सापडली, जिला आता एजी-१ म्हणतात. चीनच्या मा-झान रेड या वाणातून सातव्या गुणसूत्रावरची आणखी एक जागाही पुढं हाती आली.

एजी-१च्या जागी नेमकं काय आहे हे टोबियास क्रेट्झश्मार आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवलं. तिथं ओएस-टीपीपी-७ हे जनुक आहे, आणि आयआर-६४मध्ये ते मुळात नाहीच. या जनुकाचं काम मला फार आवडतं, म्हणून जरा थांबून सांगतो. पेशीत ट्रेहॅलोज-६-फॉस्फेट नावाचा एक पदार्थ अगदी थोडा असतो. तो साखर म्हणून खायचा नसतो, तो निरोप्या असतो. तो वाढला की पेशी समजते, घरात साखर पुष्कळ आहे, कोठार उघडायची घाई नको. टीपीपी-७ या निरोप्यालाच मोडून टाकतं. निरोप पोचला नाही की गर्भाला वाटतं आपण उपाशी आहोत. मग उपासमारीत कोठार फोडणारी यंत्रणा जागी होते, पिष्ट सुटं होतं आणि साखर कोंबाच्या नळीकडे वाहते. दाणा जगतो तो भूक खोटीच लागल्यामुळे.

आयआर-६४सारख्या गाजलेल्या वाणात हे जनुक का नसावं? माझा अंदाज असा, की लावणीच्या पद्धतीत त्याची कुणाला उणीवच भासली नाही. रोपवाटिकेत दाणा कधी गुदमरलाच नाही, तर न गुदमरणारा दाणा निवडणार कोण? आता मजुरी आणि पाणी वाचवायला थेट पेरणी वाढते आहे आणि ती जुनी गळती बाहेर येते आहे. चिहेरांग या वाणात सब-१ आणि एजी-१ दोन्ही घालून ते एकमेकांच्या आड येत नाहीत, हेही दाखवून झालं आहे: एक दाण्याला पळवतं, दुसरं रोपाला थांबवतं. आमच्या पोत्यात अर्थातच फक्त सब-१ होतं.

पोत्याची परीक्षा

राहिलेला निम्मा संशय मिटवायला उरलेलं बी प्रयोगशाळेत आणलं. प्रमाणित उगवण चाचणी म्हणजे १००चे चार संच, ओल्या कागदावर, २५ अंशांच्या आसपास, पहिली मोजणी पाचव्या दिवशी आणि शेवटची चौदाव्या दिवशी. पोतं व्यवस्थित पास झालं. मला त्यात नवल नव्हतं. ही चाचणी बियाण्याला सगळं हवं तसं देऊन मग विचारते, रुजतोस का? ती मुद्दाम तशी बांधली आहे, म्हणजे दोन प्रयोगशाळांचे निकाल जुळावेत. तिच्या आकड्यावरून शेतातली उगवण ठरवणं म्हणजे सपाट रस्त्यावर धावणाऱ्याला पाहून तो नदी पोहून जाईल असं म्हणण्यासारखं आहे. शेतकरी मात्र पिशवीवरची टक्केवारी शेताचंच आश्वासन समजतो, आणि तसं समजू नये म्हणून कुणी फारसे कष्ट घेतलेले मला दिसले नाहीत.

म्हणून तीन ट्रे वेगळे लावले. पहिल्यात ओली, निचरा होणारी माती. दुसऱ्यात बी पाभरीच्या खोलीवर गाडून वर दहा सेंटिमीटर पाणी. तिसऱ्यात तेवढंच पाणी, पण बी मातीत न गाडता पृष्ठभागावर टाकलेलं. पहिला ट्रे छान उगवला. दुसऱ्यातून हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच रोपं आली, तीही उशिरा. तिसऱ्यात विरळ का होईना, पण डोळ्यांना ओळ दिसेल एवढी उगवण झाली. दुसऱ्या आणि तिसऱ्यातलं अंतर मला सगळ्यात जास्त शिकवणारं वाटलं. वाण तेच, पाणी तेवढंच, फक्त दीड-दोन बोटं मातीचा फरक. कोरड्या मातीत ओल पकडायला बी खोल पेरावं लागतं आणि पाणी साचलं की तीच खोली त्याच्या जिवावर उठते. पावसाचा अंदाज चुकला की दोन्हीकडून कात्री.

बी ताजं आणि जोमदार असणं इथं खरंच कामी येतं. जुन्या बियाण्यात पेशींची आवरणं गळकी झालेली असतात, डागडुजीला वेळ लागतो, साखर बाहेर झिरपते आणि सडवणाऱ्या बुरशीला आमंत्रण मिळतं. हवेशीर मातीत हे लपून जातं. पेरणीआधी बी एक दिवस भिजवून पुन्हा सावलीत सुकवलं तर दुसऱ्या टप्प्यातलं बरंचसं काम आधीच उरकतं आणि पाण्याखालीही उगवण सुधारते, असं प्रयोगांत दिसलं आहे. मात्र असं तयार केलेलं बी साठवणीत लवकर उतरतं, त्यामुळे ते पेरणीच्या तोंडावरच करायचं. आणि वीतभर पाण्यावर तोही उतारा नव्हे.

शेतात करायचं ते ट्रेच्या निकालाची वाट न बघता, त्याच दिवशी ठरवलं होतं. मधल्या पट्ट्यातल्या मूळ नसलेल्या नळ्या अजून घट्ट होत्या, दाबल्यावर रस येत नव्हता. बांध फोडून ते पाणी तासाभरात काढलं. चार-पाच दिवसांनी तिथल्या पुष्कळशा रोपांनी मूळ धरलं, राहिलेले नांगे वरच्या अंगाची दाट रोपं उपटून भरले. खालच्या कोपऱ्यात वाचवण्यासारखं काही नव्हतं. तिथलं पाणी हळूहळू उतरवून, चिखल करून, घरातलं उरलेलं बी मोड आणून फोकलं. प्रयोगशाळेला लागलं तेवढंच मी बाजूला ठेवलं होतं. त्याच पोत्याचं बी त्याच कोपऱ्यात आलं. पोत्याबद्दलचा वाद तिथं मिटला, माझ्या अहवालानं नव्हे. कोपरा मात्र काढणीपर्यंत मागंच राहिला आणि ते शेत दोनदा कापावं लागलं.

अहवालाच्या नमुन्यात बियाणं सदोष की निर्दोष, एवढंच विचारलेलं असतं. मी निर्दोष लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात, रुजण्याच्या काळात साचलेल्या पाण्यामुळे प्राणवायूचा अभाव. ते त्यांनी दोनदा वाचलं.

“म्हणजे पोतं चांगलं होतं.”

“होतं.”

“वाणही चांगलं होतं.”

“तेही.”

“मग मी चुकलो म्हणा.”

मी म्हटलं, वीतभर उतार कुणालाच दिसला नसता. तो कोपरा पुढच्या खेपेला एकतर समतल करा, नाहीतर तेवढ्यापुरती रोपं टाकून लावणी करा. लावल्यावर मग हे वाण पुराला दाद देणार नाही. ते त्यांना पटलं, निदान मान तरी हलली. मग त्यांची नजर दुसऱ्या ट्रेमधून आलेल्या त्या चार-सहा रोपांवर गेली.

“ही पाण्याखालून आलीत ना? यांचं बी वेगळं धरलं तर?”

अगदी पैदासकाराला सुचावा असा प्रश्न. पण तपासलेले ते हजारो नमुने वेगवेगळ्या वाणांचे होते, आणि हे सगळे दाणे एकाच शुद्ध वाणाचे, जनुकांनी जवळपास सारखे. एखाद्यावर माती थोडी कमी पडली असेल, एखादा जरा भरीव असेल. असला फरक पुढच्या पिढीत जात नाही. हे समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ती रोपं ओल्या फडक्यात गुंडाळून नेली. पुढच्या भेटीत पाहिलं तर खालच्या कोपऱ्याच्या अगदी टोकाला, जिथं पाणी सगळ्यात खोल होतं तिथं, ती ओळीनं लावलेली होती.